अर्जनविसाचा लॅपटॉप

नव्या वस्तूबरोबर येणाऱ्या अटी आणि शर्ती पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचणारा माणूस या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. हे मी ऐकीव सांगत नाही. त्या अटी त्यांना वाचून दाखवण्यात माझे दोन शनिवार गेले आहेत. आपण सगळे काय करतो? नवा लॅपटॉप उघडतो, पडद्यावर इंग्रजी मजकूर उलगडायला लागला की त्याच्याकडे न बघता खाली ‘मान्य आहे’चं बटण शोधतो आणि दाबून मोकळे होतो. मीही बोट पुढे नेलंच होतं. साडूंनी माझं मनगट धरलं. “थांबा सर. न वाचता सही?” मी म्हटलं, “सही कुठंय दाजी, नुसतं बटण दाबायचंय.” “अंगठाबी नुसताच दाबत असतेत लोक,” ते म्हणाले, “आन् मंग पंचवीस वर्षं अर्ज घेऊन माझ्याकडं येत असतेत.” मी चष्मा पुसला आणि पहिल्या कलमापासून सुरुवात केली.

हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो. ते मला सर म्हणतात, कारण मी पिंगळीच्या शाळेत शिकवतो आणि शिकवणाऱ्याला नावानं हाक मारणं त्यांच्या नियमात बसत नाही. वयानं ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे आहेत, पण नियम म्हणजे नियम. धंदा अर्जनवीस. निजामाचं राज्य गेलं तरी आमच्याकडे त्याचे बरेच शब्द मागे राहिले, त्यातला हा एक. पूर्णेच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली एक टेबल, टेबलावर टाइपरायटर, समोर अर्जदारासाठी स्टूल आणि टेबलामागे पांढऱ्या सदऱ्यातले दाजी, हे दृश्य चाळीस वर्षं जसंच्या तसं होतं. सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं. एक लिहायचं आणि दुसरं ‘जरा पेन देता का’ म्हणणाऱ्याला द्यायचं. पहिलं पेन कुणाला द्यायचं नाही आणि दुसऱ्यानं स्वतः लिहायचं नाही. एकदा पहिल्याची शाई संपली तेव्हा दाजी दुसरं पेन खिशात ठेवून, चालत जाऊन, नवीन पेन घेऊन आले होते.

दाजींचे वडील शेतमजूर होते. आयुष्यभर अंगठा उठवत आले. दाजींनी परभणीला टायपिंगच्या क्लासात मराठी आणि इंग्रजी दोन्ही परीक्षा दिल्या, तेव्हा त्यांच्या गल्लीतल्या विहारात त्यांचा सत्कार झाला होता. त्याचा फोटो अजून घरात आहे. फोटोत दाजी सोडून सगळे हसतायत. ही सगळी पार्श्वभूमी सांगण्याचं कारण असं, की दाजींच्या अर्जात ‘मायबाप सरकार’ हे शब्द कधीही येत नाहीत. ‘चरणी’ नाही, ‘पायाशी’ नाही, ‘दया करावी’ तर नाहीच नाही. ‘विनंती’ एकदाच, शेवटच्या ओळीत. एक म्हातारा शेतकरी हट्टाला पेटला, “मायबाप घाला की वो, बरं दिसतंय.” दाजींनी कळांवरून दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले. “मायबाप घरी ऱ्हातेत बाबा. हितं अधिकारी बसतो. त्याला महोदय म्हणलं की बास झालं. तुमी अर्जदार हाव.” म्हातारा स्टुलावर जरा ताठ झाला, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

दाजींची दुसरी खोड म्हणजे ऐकून घेणं. टेबलासमोर जो बसेल त्यानं आधी सगळं सांगायचं. कागद काय, काम काय, हे मधे विचारायचं नाही. रेशनकार्डात सुनेचं नाव घालायला आलेला माणूस सुनेच्या माहेरापासून सुरू करी, मग स्वतःच्या बहिणीच्या लग्नात झालेला रुसवा, मग बैलाचं आजारपण, मग पुन्हा सून. दाजी दोन्ही हात कळांपासून बोटभर वर धरून ऐकत राहत. शेवटी मान हलवून म्हणत, “हं. विषय सापडला.” आणि खडखडखड करून बारा ओळी उतरवून देत. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघायच्या आधी बायका येत. लेकरांना गावातल्या हंगामी वसतिगृहात ठेवून घ्यावं म्हणून अर्ज करायचा असे. त्या दिवसांत दाजी डबा टेबलाखालून वर काढत नसत. बायका रडत, बोलत, मधेच हसतही, आणि उठून जाताना पदरानं तोंड पुसून म्हणत, “आर्धं काम हितंच झालं बघा.”

असा हा माणूस घरच्यांशी फोनवर कसा बोलावा? “हॅलो. बरा हाय. जेवलो. ठेवतो.” बस. तारेचा जमाना संपला, पण दाजींच्या तोंडी तो अजून चालू होता. ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, होती तोवर चालून गेलं. पुण्याला कंपनीत नोकरी करणाऱ्या लेकीचा फोन रोज संध्याकाळी सातला यायचा, ताई ओसरीवर बसून तासभर बोलायची, आणि दाजी शेजारून ‘मी बरा हाय म्हणून सांग’ एवढा मजकूर पुरवायचे. लॅपटॉप येण्याच्या दोन वर्षं आधी ताई गेली. त्यानंतर फोन दाजी घेऊ लागले आणि एका तासाचं काम अर्ध्या मिनिटात उरकू लागलं.

लेकीनं ‘पुण्याला चला’ म्हणून लकडा लावला. दाजींचं उत्तर ठरलेलं, “टेबल कोण बघंल?” पण टेबलाचेच दिवस फिरले होते. टाइपरायटरची फीत मिळेना. दुरुस्त करणारा नांदेडला एकच मिस्त्री उरला होता, तोही दुकान बंद करून नातवंडांत रमला. अर्ज ई-मेलनं पाठवायचे दिवस आले. तेव्हा लेकीनं, बाप ओळखून असल्यामुळे, बापाच्याच भाषेत प्रस्ताव ठेवला. लॅपटॉप आणि छोटा प्रिंटर मी पाठवते. दिवाळीच्या सुट्टीत मी येईन आणि एक अर्ज सांगेन. तो तुम्ही लॅपटॉपवर टाइप करायचा, छापायचा, मेल करून दाखवायचा. एकट्यानं जमलं तर टेबल चालू ठेवा, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर सामान बांधायचं. दाजींनी हा करार टाइप केला, तीन प्रतींत, एक पुण्याला टपालानं धाडली, आणि साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. सही झाल्यावर त्यांनी सांगितलं की साक्षीदारानंच लॅपटॉप शिकवायचा आहे. शाळेत आठ दिवसांचं संगणक प्रशिक्षण झाल्यापासून मी नात्यागोत्यात तज्ज्ञ म्हणून बदनाम आहे.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी पिंगळीहूनच पॅसेंजर पकडायची आणि पूर्णेला उतरायचं, असं ठरलं. पहिल्या शनिवारी खोकं उघडलं. भिंतीवरच्या तसबिरींसमोर लॅपटॉप ठेवून दाजींनी मेणबत्ती लावली, त्रिसरण म्हटलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, “करा सुरू.” मी सुरू केला, आणि त्या अटी आल्या. मी इंग्रजी वाचायचं, अडेल तिथं मराठी सांगायचं, आणि दाजींनी टाइपरायटरवर टिपण काढायचं. दुसऱ्या शनिवारी चार वाजता शेवटचं कलम संपलं तेव्हा दाजींच्या एकूण सात हरकती झाल्या होत्या. सगळ्यात मोठी अशी, की समोरची पार्टी आपल्या अटी आपल्याला न विचारता कधीही बदलू शकते. “हे तर एकतर्फीच झालं की वो सर. ह्याला साक्षीदार कोण?” हरकती कुठं पाठवायच्या ते काही सापडेना. दाजींनी पडदा वरून खालपर्यंत पुन्हा एकदा न्याहाळला. “सही न्हाई, शिक्का न्हाई, जावक क्रमांक न्हाई. ह्याला कागद कामून म्हणावं?” अखेर त्यांनी ‘हरकती राखून मान्य’ असा कागद टाइप केला, लॅपटॉपच्या खोक्यात ठेवला, खोकं बंद केलं आणि मगच ते बटण दाबलं.

मग पासवर्ड. मी म्हटलं, दुसऱ्याला ओळखता येऊ नये आणि तुम्ही विसरू नये असं काही तरी घाला. दाजी कधीच विसरणार नाहीत असा मजकूर जगात एकच, प्रतिज्ञापत्राची पहिली ओळ. त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव, वय, धंदा आणि राहण्याचं ठिकाण, सगळं सलग घातलं. लॅपटॉपनं ते निमूट घेतलं. आता पंचाईत अशी, की प्रतिज्ञापत्राची ओळ दाजी मोठ्यानं म्हटल्याशिवाय टाइप करू शकत नाहीत. त्यामुळे रोज सकाळी दहाला लिंबाखालून खणखणीत आवाजात पासवर्ड जाहीर व्हायचा आणि समोरचा चहावाला तो ऐकून घड्याळ लावायचा. भाद्रपदात दाजींना अडुसष्टावं लागलं. त्याच दिवशी शाळेत मला फोन, “सर, पासवर्ड बदलायचाय. वय खोटं पडायलंय.”

मराठीची सोय लावायला मला मात्र खरंच घाम फुटला. दाजींची बोटं टाइपरायटरच्या कळांवर चाळीस वर्षं चाललेली. तीच मांडणी लॅपटॉपवर बसवायला हवी होती, म्हणजे कळेवर इंग्रजी अक्षर कुठलंही असो, बोट जिथं जाईल तिथं ‘क’ उमटला पाहिजे. तीन माणसांना फोन करून मी ती बसवली. दाजींनी डोळे मिटले, दोन्ही हात उचलले आणि ‘महोदय’ हा शब्द टाइप केला. डोळे उघडून पडद्यावर ‘महोदय’च आहे हे बघितल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. साडू म्हणून बावीस वर्षांत मिळालेली ती पहिलीच थाप.

पण टाइपरायटर बोटांतून जात असला तरी खांद्यातून जात नाही. दाजी कळा दाबत नसत, ठोकत. प्रत्येक ठोक्याला लॅपटॉप केसभर पुढे सरके आणि अर्ज संपेपर्यंत अर्जदाराच्या मांडीवर यायच्या बेतात असे. मग खाली पोत्याची घडी अंथरली. ओळ संपली की दाजींचा डावा हात टाइपरायटरचा रूळ सरकवायच्या सवयीनं उठे आणि लॅपटॉपच्या पडद्याला डावीकडून एक ढकल देई. मी दोनदा तो टेबलावरून पडता पडता झेलला. त्यात ओळ संपताना वाजणारी घंटा नाही, याचं दाजींना फार वाईट वाटे. ओळ आपोआप खाली जाते हे मी दाखवलं, तर म्हणाले, “आपोआप गेलेली ओळ माझी कशी?” घंटेची उणीव ते स्वतः भरून काढू लागले. ओळ भरत आली की तोंडानं ‘टिंग’ म्हणायचे आणि एन्टर मारायचे. अर्ज सांगायला आलेली माणसं पहिल्या ‘टिंग’ला दचकत, तिसऱ्यापासून सरावत.

शॉर्टकटची गोष्ट मात्र निराळी झाली. मी त्यांना माउस दाखवला तेव्हा ते लॅपटॉपपासून दूर सरकले. “दोन्ही हातानं काम करणाऱ्या माणसाला एक हात उचलून हे धरायला लावायचं? टायपिस्टचा हात कळांवरून उठला की परीक्षेत मार्क कापायचे.” मग मी म्हटलं, दाजी, हात न उचलता सगळं होतं. कंट्रोल धरून एस दाबा, मजकूर जतन. पी दाबा, छापायला निघाला. दाजी टक लावून बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे हे कंट्रोल कचेरीतला शिरस्तेदार हाय. नुसती कळ दाबून कागद हलणार न्हाई. शिरस्तेदारानं बोट ठेवलं की हलतो.” चाळीस वर्षं कचेरीसमोर बसलेल्या माणसाला यापेक्षा जास्त शिकवायची गरज नव्हती. पुढच्या शनिवारी गेलो तर टेबलाला एक तक्ता डकवलेला. शिरस्तेदार अधिक सी, कार्बन. अधिक व्ही, वाटप. अधिक एक्स, कात्री. अधिक एस, शिक्का. अधिक ए, अख्खं. अधिक एफ, फायलीत शोधणे. संगणकाचा हा तक्ता अर्थातच टाइपरायटरवर टाइप केलेला होता.

त्यातला कार्बन मी जरा उशिराच शिकवला होता. झालं असं, की पहिले काही दिवस दाजी प्रत्येक अर्ज तीन वेळा टाइप करत होते. एक कचेरीला, एक अर्जदाराला, एक दफ्तरी. लॅपटॉपात कार्बन घालता येत नाही, मग दुसरं काय करणार? बोटांना सूज आली तेव्हा त्यांनी हा प्रकार मला सांगितला. एकच मजकूर हवा तितक्या वेळा छापता येतो हे मी सांगून पाहिलं. “ते छापील झालं सर. दफ्तराला नक्कल लागती.” मग मी सी आणि व्ही दाखवलं. समोर दुसरी प्रत उमटली. ती पहिलीसारखीच आहे का, हे दाजींनी शब्दन् शब्द ताडून पाहिलं. आहे म्हटल्यावर खुर्चीला टेकले आणि म्हणाले, “पुसट न्हाई होत हो. तिसरी प्रतबी पुसट न्हाई.”

झेडवर मात्र आमचं भांडण झालं. चुकलं तर शिरस्तेदार अधिक झेड, केलेलं मागं जातं, असं मी सांगितलं. दाजींचा चेहरा बदलला. “लिहिलेलं मागं घ्यायचं, आन् कुणाला कळूबी द्यायचं न्हाई? सर, तुमी शाळेत हे शिकवायलाव का?” त्यांच्या धंद्यात चूक झाली तर तिच्यावर फुल्या मारायच्या, बाजूला बरोबर शब्द घालायचा आणि शेजारी अर्जदाराची सही किंवा अंगठा घ्यायचा. चूक झाकणं म्हणजे कागदात लबाडी. लॅपटॉपवरही ते फुल्या टाइप करत आणि अंगठ्यासाठी जागा सोडत. आम्ही दोघं तासभर वाद घालत बसलो. शेवटी तडजोड अशी झाली की झेड वापरायचा, पण प्रत्येक वेळी वहीत नोंद करायची. ‘आज रोजी दोन शब्द मागे घेतले. सही.’ महिनाभरात त्या वहीत तीनच नोंदी झाल्या. माझी तशी वही असती तर दिवसाला एक भरली असती.

दिवाळी तोंडावर आली आणि तो प्रसंग घडला. चुडाव्याकडची एक बाई आली होती, ऊसतोडीला निघालेली. दोन पोरींना मागे ठेवायचं होतं. तिनं सगळं सांगितलं, दाजींनी सगळं ऐकलं, विषय सापडला, बारा ओळी उतरल्या. मग दाजींनी, निव्वळ कौतुकानं, ‘अख्खं’ दाबलं. सगळा अर्ज निळा झाला. तो बाईला दाखवायला ते लॅपटॉप वळवायला गेले आणि अंगठा स्पेसच्या लांब कळेवर पडला. अर्ज गायब. मी शेजारी बसलो होतो, ओरडलो, “झेड! दाजी, झेड दाबा!” दाजी हललेसुद्धा नाहीत. बाई पांढऱ्या पडद्याकडं बघून म्हणाली, “कुठं गेलं वो माझं?” “ते माझ्या हातानं गेलं,” दाजी म्हणाले. “चूक माझी हाय. तुमचा मजकूर मी चोरून परत आणणार न्हाई. पुन्यांदा सांगा बाई, मी ऐकतो.” मी डोक्याला हात लावला. बाईनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आणि या खेपेला तिला आठवलं की धाकटीला अंधाराची भीती वाटते, तिला थोरलीच्या शेजारीच झोपू द्यावं, हे ती मघाशी सांगायचं विसरली होती. अर्ज तेरा ओळींचा झाला. मी त्यानंतर झेडचं नाव काढलं नाही.

लेक आली ती दिवाळीच्या आदल्या दिवशी. परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. कचेरीला सुट्टी, म्हणून दाजींनी टेबल आणि स्टूल हातगाडीवर घालून घरी आणलं होतं. अर्ज टेबलावरच होतो, पलंगावर बसून होत नाही. ओसरीवर सगळी मांडामांड झाली. मी भिंतीला टेकून उभा होतो. आमच्या शाळेच्या तपासणीलाही माझे तळहात इतके ओले झाले नव्हते. इतक्या शनिवारांत मला कळून चुकलं होतं की हे टेबल गेलं तर दाजींचं काय होईल याची मला कल्पना करवत नाही.

लेक स्टुलावर बसली. टेबलामागे बसले की दाजी सगळ्यांना अहो म्हणतात, तिलाही म्हणाले. “अर्जदाराचं नाव?” तिनं सांगितलं. “वय?” “एकतीस.” “धंदा?” “नोकरी.” “राहणार?” “पुणे.” दाजींनी हात वर धरले. “सांगा.”

तिनं सुरुवात केली ती अगदी साध्या आवाजात. आई गेल्यापासून संध्याकाळी सात वाजले की हात आपोआप फोनकडे जातो, मग आठवतं. चहा करताना अजून दोन कप पाणी ठेवलं जातं, कारण आई फोनवर विचारायची, चहा घेतलास का, आणि ती म्हणायची, आता ठेवते, तूपण ठेव. शेजारच्या घरातल्या माणसांची नावं तीन वर्षांत कळलेली नाहीत. आषाढात चार दिवस ताप होता, तो कुणालाच सांगितला नाही, सांगायचं कुणाला. ऑफिसात सगळे चांगले आहेत, हसतात, बोलतात. घरी आल्यावर कुलूप आपणच उघडायचं. ती सांगत गेली. दाजींचे हात कळांपासून बोटभर वर तसेच होते.

मधेच दाजी बोलले. अर्जदाराला त्यांनी मधे तोडलेलं मी कधी पाहिलेलं नाही. “ताप होता हे कामून न्हाई सांगितलंस?” अहोचं अरे-तुरे होऊन गेलं होतं आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

“सांगणारच होते पप्पा,” ती म्हणाली. “तुमी ‘ठेवतो’ म्हणलाव. ह्या टेबलापुढं बसणाऱ्याचं मात्र तुमी सगळं ऐकून घेता. म्हणून म्हणलं, आपणबी एकदा बसून बघावं.”

मी तुळईकडं बघत राहिलो, कारण दाजींकडं बघायची सोय नव्हती. मग त्यांचा आवाज आला. “हं. विषय सापडला.” आणि त्यांनी टाइप करायला घेतलं. प्रति म्हणून स्वतःचं नाव घातलं. महोदय. विषय, वडिलांनी मुलीजवळ राहावयास येणेबाबत. बारा ओळी. एकही चूक नाही, ठोके मऊ, ‘टिंग’ एकदाही नाही. शिक्का, छपाई, मेल, सगळं हात न उचलता झालं. तिच्या फोनवर मेल वाजला, प्रिंटरमधून तीन प्रती आल्या. तिनं फोन बघितला आणि हसायचा प्रयत्न करत म्हणाली, “पास झालाव पप्पा. ठरल्याप्रमाणं टेबल तुमचं. मी पुन्हा म्हणणार न्हाई.”

दाजींनी पहिली प्रत समोर ओढली. अर्जाच्या डाव्या बाजूला नेहमी मोकळा समास सोडलेला असतो, अधिकाऱ्याच्या शेऱ्यासाठी. चाळीस वर्षं दाजींनी तो समास दुसऱ्यांसाठी सोडला, आपण त्यात कधी अक्षर लिहिलं नाही. त्यांनी खिशातलं पेन काढलं, पुष्कळ वेळ हातात धरलं आणि लिहिलं, ‘विचाराधीन’. लेकीला हसू आणि रडू एकदमच आलं. “अर्ज लगेच मंजूर करणारी कचेरी मी बघितली न्हाई,” असं म्हणत दाजी आत गेले. भांड्यांचा आवाज आला. तिघांचा चहा घेऊन ते बाहेर आले, आपला कप संपवला, ‘विचाराधीन’वर फुल्या मारल्या, शेजारी रीतसर सही केली आणि खाली लिहिलं, ‘मंजूर. सहा महिन्यांकरिता. नूतनीकरणास पात्र.’

“अहो पण दाजी, तुम्ही जिंकलात ना,” मला राहवेना. “टेबल चालू ठेवायचा हक्क तुमचा आहे.”

“माझाच हाय की,” दाजी म्हणाले. “म्हणून तर मंजूर करता आलं.”

त्याला आता दीड वर्ष होत आलं. नूतनीकरण दोनदा झालं, दोन्ही वेळा तीन प्रतींत, आणि दोन्ही वेळा नक्कल मला आली. पुण्याला दाजींच्या मजल्यावरच्या सगळ्या शेजाऱ्यांची नावं आता लेकीला माहीत आहेत. इमारतीचा रखवालदार, धुणंभांडी करणाऱ्या बायका, पाचव्या मजल्यावरचे एक निवृत्त इंजिनिअर, सगळे संध्याकाळी त्यांच्याकडे काही ना काही सांगायला येतात असं कळतं. सातच्या आधी सगळ्यांना घालवून देतात म्हणे, कारण सातला लेक घरी येते. फोनवर माझ्याशी अजून तसेच बोलतात. बरा हाय. जेवलो. ठेवतो. मी आनंद मानतो. मानायलाच हवा.

मागच्या शनिवारी एका कामासाठी पूर्णेला गेलो होतो. लिंबाखाली कुणाची तरी मोटारसायकल उभी होती. कापडी पिशवीत कागद घेतलेली एक बाई तिथं घुटमळत होती. मला म्हणाली, “हितं बसायचे ते कुठं गेले वो?” मी सांगितलं, लेकीकडे गेले, पुण्याला. “बरं केलं,” ती म्हणाली. “लेकरापाशी असावं माणसानं.” तरी ती तिथंच उभी राहिली, म्हणून मी विचारलं, काय काम होतं? तिनं सांगायला सुरुवात केली, तिच्या जावेपासून. मी हं हं करत ऐकत होतो आणि मधून मधून घड्याळ बघत होतो. तिच्या ते लक्षात आलं. “जावा तुमी सर,” ती म्हणाली, “गाडी चुकंल तुमची.” मी गेलो. गाडी मिळाली, खिडकीही मिळाली. मिरखेल स्टेशन मागं पडल्यावर मनात आलं की बाईचं काम काय होतं ते मला कळलंच नाही, आणि ती कुठल्या गावाहून आली होती तेही मी विचारलं नाही. दाजी पुण्याला गेल्याचं मला त्या दिवसापर्यंत इतकं वाईट वाटलं नव्हतं.